अंदाजपंचे नव्हे, अंदाज

१ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये चार ओळींचा एक मजकूर आला. येत्या दोन दिवसांत उत्तरेला मध्यम पश्चिमी वारा, पश्चिमेला मध्यम नैऋत्य वारा, दक्षिणेला जरा जोरदार पश्चिमी वारा; आकाश तिन्हीकडे स्वच्छ. सरकारी यंत्रणेने सर्वसामान्य लोकांसाठी वर्तमानपत्रात दिलेला हा पहिला हवामान अंदाज. मथळ्यातच ‘संभाव्य’ हा शब्द होता. मजकूर तयार करणारा अधिकारी होता रॉबर्ट फिट्झरॉय. चार्ल्स डार्विनला जगाची सफर घडवणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा हा कप्तान. आपण जे करतो आहोत त्याला नाव काय द्यायचं, याचा त्याने नीट विचार केला होता. त्याने निवडलेलं क्रियापद म्हणजे ‘फोरकास्ट’.

क्रियापद त्याने घडवलं नव्हतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून ते इंग्रजीत होतं, पण त्याचा पाऊसवाऱ्याशी काही संबंध नव्हता. ‘फोर’ म्हणजे आधी, आणि ‘कास्ट’ म्हणजे फेकणे. हा दुसरा तुकडा मूळचा इंग्रजीही नाही. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा ‘कास्टा’ इंग्लंडात रुळला. हिशेबाच्या पटावर मोजणीच्या चकत्या टाकून जमाखर्च मांडायची तेव्हा रीत होती, त्यामुळे ‘कास्ट’ला गणित करणे हाही अर्थ चिकटला. म्हणून ‘फोरकास्ट’चा जुना अर्थ बेत आखणे, डाव आधीच रचणे असा होता. म्हणजे हे काम ज्याच्या हातात पुढच्या गोष्टी थोड्याफार आहेत अशा माणसाचं, कट करणाऱ्याचं किंवा घर बांधायला काढणाऱ्याचं. आपल्या हातात नसलेल्या गोष्टींबद्दल आधी ताडणे हा अर्थ शंभरेक वर्षांनी आला. इतकं होऊनही शब्दातला हिशेबाचा वास गेला नाही, आणि फिट्झरॉयला नेमका तोच हवा होता.

कारण बाजारात दुसरे शब्द होते आणि ते बदनाम होते. ‘प्रॉफेसी’ ही देवाच्या माणसाची वाणी. ‘प्रिडिक्ट’ हे लॅटिनातून आलेलं, त्याचा धात्वर्थ आधी बोलणे. या दोन्ही शब्दांवर पंचांगवाल्यांनी दुकानं थाटली होती. पॅट्रिक मर्फी नावाच्या गृहस्थाने १८३८ सालाचं हवामानाचं पंचांग काढलं आणि २० जानेवारी हा बहुधा हिवाळ्यातला सर्वांत थंड दिवस असेल असं त्यात छापलं. त्या दिवशी लंडन खरोखर गोठलं. पंचांगावर लोकांच्या उड्या पडल्या, मर्फीने पैसा केला, आणि पुढे वर्षभर त्याचे दिवस एकामागून एक चुकत गेले. एक नेम बरोबर बसला की माणूस ऋषी ठरतो, हे इंग्लंडने तेव्हाच पाहून घेतलं होतं.

फिट्झरॉयला या रांगेत उभं राहायचं नव्हतं. १८६३ च्या आपल्या पुस्तकात त्याने स्वच्छ लिहिलं की ही भाकितं नव्हेत, भविष्यवाण्याही नव्हेत. शास्त्रीय जुळणी आणि गणित यांतून जे मत निघतं, त्याला ‘फोरकास्ट’ म्हणावं. या व्याख्येत मला ‘शास्त्रीय’पेक्षाही ‘मत’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. मत चुकू शकतं, मताला किती वजन द्यायचं हे ऐकणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि मत देणाऱ्याला त्यामागची कारणं विचारता येतात. भविष्यवाणीला यातलं काहीच लागू होत नाही.

या कामामागे मोठी जीवितहानी होती. ऑस्ट्रेलियातून सोनं आणि माणसं घेऊन लिव्हरपूलला येणारं ‘रॉयल चार्टर’ जहाज २६ ऑक्टोबर १८५९ रोजी वेल्सच्या अँग्लसी बेटाजवळ वादळात फुटलं. सुमारे साडेचारशे माणसं गेली. किनाऱ्यावरच्या ठाण्यांतून तारेने वाऱ्याची आणि वायुदाबाची खबर मागवायची, आणि वादळाची चिन्हं दिसली की बंदरात खांबावर शंकू चढवायचे, ही फिट्झरॉयची योजना त्यातून उभी राहिली. वर्तमानपत्रातला रोजचा अंदाज हा तिचाच पुढचा भाग. त्याआधी, १८५४ साली, लंडनचं हवामान चोवीस तास आधी सांगता येईल असं एका खासदाराने संसदेत म्हटलं तेव्हा सभागृह हसलं होतं आणि त्या हसण्याची कामकाजात नोंद आहे. पुढे अंदाज चुकू लागले तेव्हा वर्तमानपत्रंही हसली, ज्यात ते छापून येत होते ते ‘टाइम्स’सुद्धा. कर्ज, ढासळती तब्येत, मनाचं जुनं आजारपण अशी बरीच ओझी माणसावर होती. ३० एप्रिल १८६५ रोजी फिट्झरॉयने आत्महत्या केली. पाठोपाठ तज्ज्ञांची समिती बसली आणि १८६६ मध्ये अंदाज बंद झाले, वादळाचे इशारेही बंद झाले. इशारे मात्र वर्षभरातच परत सुरू करावे लागले, कारण दर्यावर्दींनी ते मागितले. ज्यांचा जीव त्या शंकूवर टांगलेला होता त्यांना अधूनमधून चुकणारा इशारा चालत होता. तो न चालणारे लोक किनाऱ्यावर होते.

अमेरिकेत हेच काम १८७१ पासून लष्कराच्या तारखात्याने चालवलं तेव्हा रोजच्या पत्रकाचं नाव होतं ‘प्रॉबॅबिलिटीज’, म्हणजे शक्यता. ते काढणाऱ्या क्लीव्हलंड ॲबीला लोक गमतीने ‘ओल्ड प्रॉबॅबिलिटीज’ म्हणत. १८७६ मध्ये शब्द बदलून ‘इंडिकेशन्स’, म्हणजे चिन्हं, असा झाला आणि १८८९ मध्ये ‘फोरकास्ट्स’. नावातून शंका हळूहळू गळत गेली. शास्त्र सुधारत होतं हे खरंच, पण नाव त्याच्याहून वेगाने पुढे पळत होतं.

याच्या उलट चाललेला एक माणूस आपल्याकडचाच. भारतीय हवामान खातं १८७५ चं. हिमालयातला बर्फ पाहून मान्सूनचा पहिला रीतसर हंगामी अंदाज १८८६ साली निघाला. १८९९ चा अंदाज चांगल्या पावसाचा होता, आणि पडला तो दुष्काळ. १९०४ मध्ये खात्याची सूत्रं गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाकडे आली. त्याने जगभरच्या वायुदाबाच्या नोंदी ताडून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोपाळा शोधला. ‘एल निनो’ हा शब्द आज आपल्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला आहे, त्याची दुसरी बाजू ती हीच. आणि याच वॉकरला हंगामी पावसासाठी ‘फोरकास्ट’ हे क्रियापद जास्त ठाम वाटू लागलं. त्याने ‘फोरशॅडो’ वापरलं: येणाऱ्या गोष्टीची आधी पडलेली सावली. सावलीवरून माणूस येतोय इतकं कळतं, त्याचा चेहरा दिसत नाही. वॉकरच्या खात्याचं मुख्यालय पुढे १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. वॉकरचा शब्द मात्र पुण्याला पोहोचला नाही.

मराठीत तो पोहोचायची तशी गरजही नव्हती. आपला ‘अंदाज’ फारसीतून आला, ‘अंदाख्तन’ या क्रियापदावरून, आणि त्याचा अर्थ फेकणे. तीर फेकतो तो तीरंदाज, गोळा फेकतो तो गोलंदाज. नॉर्स खलाशांचा ‘कास्टा’ आणि इराण्यांचा ‘अंदाज’ यांची कधी भेट झाली नसेल, पण पुढचं ताडणे म्हणजे काहीतरी नेम धरून टाकणे, हे दोघांनाही सुचलं. उलट ‘भाकीत’ हा बोलण्याचा शब्द आहे. भाक म्हणजे दिलेला बोल; करुणा भाकतात तीही बोलूनच. म्हणजे इंग्रजीत ‘प्रिडिक्ट’ आणि ‘फोरकास्ट’ यांच्यात जो फरक करायला फिट्झरॉयला झगडावं लागलं, तो मराठीत शब्दांच्या पोटातच आहे. भाकीत उच्चारलं जातं, अंदाज टाकला जातो. उच्चारलेलं खरं किंवा खोटं ठरतं. टाकलेलं जवळ पडतं किंवा लांब पडतं, आणि किती लांब ते मोजता येतं.

हा फरक आपण रोज पुसतो, अशी माझी तक्रार आहे. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात, आणि दुसऱ्या पहाटे त्यांच्या अवस्थेवरून पीकपाणी आणि राजकारणसुद्धा सांगितलं जातं. त्याच सुमाराला हवामान खात्याचा मान्सूनचा आकडा येतो. दोन्ही बातम्या एकाच पानावर, एकाच सुरात, दोन्हीकडे ‘यंदा पाऊस चांगला’. अंदाज चुकला की ‘खात्याचा होरा चुकला’. होरा म्हणजे ज्योतिषातला तास, तो शब्द शास्त्रज्ञांच्या गळ्यात आणि तोही ते हरल्यावर. आणि अलीकडे हिंदीतून आलेलं ‘पूर्वानुमान’ आहेच. ते ऐकायला भारदस्त आहे, पण आपल्याकडे नसलेलं असं ते काय सांगतं हे मला कळलेलं नाही.

खरी गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, आकाशवाणीच्या त्या जुन्या वाक्यात आहे. ‘कोकण-गोव्यात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी, विदर्भात काही ठिकाणी, तर मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे.’ पिढ्यान्‌पिढ्या आपण हे ऐकून हसलो. सगळीकडून हात वर करून ठेवलेत, कुठेतरी पडेलच, असं म्हणालो. पण हे शब्द मोघम नाहीत. खात्याच्या परिभाषेत तुरळक म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०. बऱ्याच म्हणजे ५१ ते ७५. बहुतांश म्हणजे त्याहून जास्त. एक चांगलं मोजमाप, ज्याच्या खुणा वाचणाऱ्याला कधी सांगितल्याच नाहीत. इथे मी दोष खात्याला देतो, श्रोत्याला नाही. पट्टीवरचे आकडे पुसून हातात दिले तर माणूस तिने पाठच खाजवणार.

जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाचं सांगितलं, आम्ही पेरलं, पाऊस आला नाही; बियाणं आणि औषधांच्या कंपन्यांशी खात्याचं संगनमत असलं पाहिजे. शहरात या बातमीची टिंगल झाली. पण आकडे पाहा. त्या वर्षी जूनमधला अंदाज सरासरीच्या ९८ टक्क्यांचा, चार टक्के इकडे-तिकडे धरून. हंगाम संपला तेव्हा देशाची सरासरी भरली ९५ टक्के. म्हणजे अंदाज बरोबर होता. आणि बीडचा शेतकरीही बरोबर होता, त्याच्या शेतात पाऊस नव्हता. खात्याचा आकडा हा काश्मीर ते कन्याकुमारी, जून ते सप्टेंबर असा एकत्र घोळलेला आकडा असतो, आज साधारण ८७ सेंटिमीटरच्या सरासरीशी ताडलेला. त्यात बीडच्या जुलैचा दुसरा आठवडा कुठेच नसतो, आणि पेरणी नेमकी त्या आठवड्यावर अवलंबून असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. एका शहराच्या दोन टोकांत एवढं अंतर असताना देशाच्या आकड्यावरून दुबार पेरणीचा धोका कसा कळावा? हे ज्यांना माहीत होतं त्यांनी ‘यंदा समाधानकारक पाऊस’ एवढंच शीर्षक जाऊ दिलं. पोलीस ठाणं ही या तक्रारीची जागा नव्हे, हे मान्य. तिची जागा कोणती, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

एका वर्षाच्या निकालावर शिक्षा करायची आपली सवय शास्त्राचंही वाटोळं करते. वसंतराव गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी मान्सूनच्या अंदाजासाठी सोळा घटकांवर आधारलेलं गणिती प्रारूप केलं आणि १९८८ पासून खातं ते वापरू लागलं. मान्सून पुढची बारा-तेरा वर्षं सरासरीच्या आसपास राहिला आणि प्रारूपाचे गोडवे गायले गेले. २००२ ला त्याने १०१ टक्के सांगितलं, पडला ८१ टक्के. प्रारूप पुढच्याच वर्षी बदललं. मला दोन्ही प्रतिक्रिया उथळ वाटतात. भारताचा पाऊस दहातल्या सातेक वर्षी सरासरीच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे असतोच. दर वर्षी डोळे मिटून ‘सरासरीइतका’ म्हणणाऱ्यालाही त्या काळात पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. म्हणजे प्रारूपाने त्या आंधळ्या उत्तरापेक्षा जास्त काय सांगितलं, हा प्रश्न यशाच्या वर्षांत विचारायला हवा होता. २००९ मध्ये नवी पद्धत होती. एप्रिलमध्ये ९६, जूनमध्ये सुधारून ९३, आणि प्रत्यक्षात ७८. ओरड तीच आणि तेवढीच.

इटलीतल्या लाक्विला शहराचं प्रकरण यासाठी आठवावं. ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात तिथे तीनशेहून अधिक लोक मेले. त्याआधी महिनोन्‌महिने छोटे धक्के बसत होते आणि आठवडाभर आधी तज्ज्ञांची बैठक झाली होती. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एका सरकारी अधिकाऱ्याला सहा वर्षांची कैद सुनावली गेली. जगभर बातमी झाली की भूकंपाचं भाकीत न केल्याबद्दल शास्त्रज्ञ तुरुंगात. आरोप तो नव्हताच. भूकंपाचा दिवस सांगता येत नाही हे न्यायालयालाही ठाऊक होतं. लोकांना धोक्याची अपुरी, विसंगत आणि निश्चिंत करणारी माहिती दिली, असा आरोप होता. वरच्या न्यायालयाने २०१४ मध्ये शास्त्रज्ञांना सोडलं, अधिकाऱ्याची शिक्षा कमी करून कायम ठेवली. मला तो निकाल पटतो. भूकंपशास्त्रज्ञ आज ‘प्रिडिक्ट’ आणि ‘फोरकास्ट’ कटाक्षाने वेगळे ठेवतात: अमुक दिवशी, अमुक जागी, हे पहिलं आणि ते जमत नाही; या पट्ट्यात येत्या तीस वर्षांत एवढी शक्यता, हे दुसरं आणि ते जमतं. शक्यता सांगणं ज्याला अडचणीचं वाटतं तो शेवटी ‘काळजी करू नका’ म्हणतो. त्यातही भाकीतच दडलेलं असतं, आणि त्याला कसलाही आधार नसतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं की टक्केवारी लोकांना कळत नाही. ही समजूत कोणी आणि कशावरून करून घेतली, हे एकदा तपासायला हवं. पश्चिम ऑस्ट्रेलियात कूक नावाच्या सरकारी खगोलशास्त्रज्ञाने १९०५ च्या सुमारास अंदाजातल्या प्रत्येक विधानापुढे एक ते पाच असा भरवशाचा आकडा द्यायला सुरुवात केली होती. पाच म्हणजे जवळपास खात्री, एक म्हणजे अगदी पुसट शक्यता. त्याचे वाचक गहू पिकवणारे आणि मेंढ्या पाळणारे लोक होते. अमेरिकेत १९६५ पासून पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतात. आपल्याकडे बाजारभावावर कांदा चाळीत ठेवायचा की विकायचा हे ठरवणारा, एका पावसावर कापूस लावायचा की थांबायचं याचा हिशेब मांडणारा माणूस शक्यतेवरच जगतो. त्याला ‘सत्तर टक्के’ कळत नाही, असं वातानुकूलित खोलीत बसून म्हणणं मला धाडसाचं वाटतं. खरी अडचण वेगळी असावी. आकडा दिला की हिशेब मागता येतो. ‘शक्यता आहे’ या शब्दांचा हिशेब मागता येत नाही.

खातं हंगामी पत्रकांत आता शक्यतेची टक्केवारी देतं, यलो-ऑरेंज-रेड इशाऱ्यांच्या मुळाशीही धोका गुणिले शक्यता असाच विचार आहे. पण मराठी वाचकापर्यंत येईतो त्यातला रंग तेवढा उरतो. रेड अलर्ट, शाळांना सुट्टी, आणि बाहेर लख्ख ऊन. मग दुसऱ्या दिवशी चेष्टा. या चेष्टेची भीती वाटून उद्या कोणी इशारा दाबला, किंवा अंगावर येऊ नये म्हणून दर चार दिवसांनी इशारा दिला, तर दोन्ही पापं चेष्टा करणाऱ्यांच्या खात्यावरही जातील.

करता येण्यासारखं काम साधं आहे. जिल्हावार मराठी पत्रकात ‘शक्यता’ या शब्दापुढे आकडा द्यावा, ‘तुरळक’ आणि ‘बहुतांश’ यांच्या व्याख्या त्याच पत्रकात तळाला छापाव्यात, आणि देशाच्या सरासरीचा आकडा शेतीच्या बातमीत मथळा म्हणून वापरायचं संपादकांनी सोडावं. आणि ऑक्टोबरात, पाऊस परतला की, खात्याने नाही तर एखाद्या वर्तमानपत्राने किंवा कृषी महाविद्यालयाने वर्षाचा ताळेबंद मांडावा. ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० मध्येच त्याची रीत घालून दिली आहे: सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्षात घडलेलं यांतल्या फरकाचा वर्ग करायचा आणि सगळ्या दिवसांची सरासरी काढायची. बारावीच्या मुलाला जमेल असं गणित. त्या ताळेबंदात, ज्या दिवशी तीस टक्के म्हटलं होतं त्यांतल्या शंभरपैकी तीसेक दिवशी पाऊस पडलेला असावा, सत्तर म्हटलं त्यांतल्या सत्तरेक. सत्तर म्हटलेल्या शंभर दिवसांपैकी पंच्याण्णव दिवस पाऊस पडला असेल, तर खात्याची पाठ थोपटायची नाही. तो अंदाजही चुकलेलाच धरायचा.